चौदा कॅमेरे आणि सव्वादोन वर्षं

वसाहतीतल्या कॅमेऱ्यांची फाईल माझ्याकडे आली ती एका बैठकीच्या शेवटी. पाठोपाठ दोन घरफोड्या झाल्या होत्या, एक मोटारसायकल चोरीला गेली होती आणि सभागृहात प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होतं, 'कॅमेरे बसवून टाकू.' हात वर झाले, चौदा जागा ठरल्या, वर्गणी ठरली. 'तीन महिन्यांत काम होईल,' असं मीच उभी राहून सांगितलं. चौदावा कॅमेरा सुरू झाला तेव्हा त्या बैठकीला सव्वादोन वर्षं उलटून गेली होती.

मधल्या काळात 'एवढा उशीर का होतोय, ताई?' हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला की पुढेपुढे संध्याकाळी फाटकातून आत येताना माझा जीव दडपायचा. दोन वाक्यांत उत्तर देता येत नसे. आता काम पूर्ण झालंय, म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतेय. दुसऱ्या कुठल्या वसाहतीत कुणाच्या हातात अशीच फाईल नुकतीच पडली असेल, तर त्यांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

पहिली गोष्ट म्हणजे, कॅमेरे मिळायला अजिबात वेळ लागला नाही. मागणी नोंदवल्यावर आठवड्याभरात खोकी माझ्या घरी आली. सगळा वेळ गेला तो खांब, वीज आणि कागद यांत.

रस्त्यावरचा खांब दिसायला एकसारखा असतो, पण त्याचा मालक एकच नसतो हे मला तोवर माहीत नव्हतं. वही घेऊन मी सगळी वसाहत पायी फिरले. चौदा जागांपैकी सहा पालिकेच्या दिव्यांचे खांब निघाले, तीन वीज कंपनीचे आणि उरलेल्या पाच आमच्याच भिंती नि फाटकं. म्हणजे नऊ जागांना दोन वेगवेगळ्या कार्यालयांची परवानगी हवी होती. दिवाबत्ती विभागाने अर्ज रस्ते विभागाकडे पाठवला, कारण केबल रस्ता ओलांडून जाणार होती. रस्ते विभागाने पोलीस ठाण्याची शिफारस मागितली. ठाण्यात सांगितलं, आधी जागांचा अंतिम नकाशा आणा. आणि ठेकेदार म्हणाला, खांबांची परवानगी हातात आल्याशिवाय अंतिम नकाशा काढता येणार नाही. या चकरेत आमचे साडेतीन महिने गेले.

ती सुटली एका संध्याकाळी. ठाण्यातले एक अधिकारी स्वतः माझ्याबरोबर चालत आले. एकेका जागेवर थांबले, नकाशावर पेनाने खुणा केल्या आणि खाली 'जागा पाहिल्या, हरकत नाही' असं लिहून सही केली. दोन जागा त्यांनी बदलायला लावल्या. आम्ही कॅमेरे आत येणाऱ्या वाटेवर रोखले होते. ते म्हणाले, 'मॅडम, येताना माणूस तोंड झाकून येतो. बाहेर पडताना घाईत असतो, बेसावध असतो. एक तरी कॅमेरा बाहेर जाणाऱ्याच्या चेहऱ्यावर ठेवा.' हे कुठल्याच कोटेशनमध्ये नव्हतं. तो सहीचा कागद मी पुढे प्रत्येक टेबलावर ठेवला आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा उपयोग झाला. अर्ज द्यायच्या आधीच सगळ्या संबंधितांना एकदा जागेवर फिरवून आणलं असतं, तर ते साडेतीन महिने वाचले असते.

नंतर दिवाबत्ती विभागातल्या ज्या साहेबांनी फाईल वाचली होती त्यांची बदली झाली. नवे साहेब आले आणि फाईल सापडेना. सापडली तेव्हा ती अपुरी होती, कारण पहिल्या साहेबांनी तोंडी मान्य केलेली एकही गोष्ट त्यात लिहिलेली नव्हती. चार महिने गेले. कुणी मुद्दाम अडवलं असं मला वाटत नाही. फाईल कुणाच्या टेबलावर आहे हे विचारल्यावर सांगू शकेल असा एकही माणूस नव्हता, आणि मला त्याचाच सगळ्यांत जास्त राग येतो. त्या दिवसापासून मी एक कागद ठेवायला लागले: तारीख, कुणाला भेटले, काय ठरलं, पुढचं पाऊल कुणाचं. भेट झाली की त्याच संध्याकाळी 'आज असं ठरलं' एवढं लिहून पाठवायचे. पुढे आणखी एक बदली झाली, पण या वेळी आमचे आठच दिवस गेले.

विजेचं प्रकरण याहून अवघड निघालं, आणि ते आम्हाला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. दिव्याच्या खांबावर वीज आहेच, तिथूनच कॅमेऱ्याला द्यायची, असं सगळे धरून चालले होते. पण रस्त्यावरचे दिवे एका ठिकाणाहून एकत्र चालू-बंद होतात. सकाळी दिवे गेले की त्या तारेतली वीजही जाते. त्या जोडणीवर कॅमेरा दिवसभर आंधळा राहिला असता. मग वेगळं मीटर हवं. मीटर कुणाच्या नावावर? रहिवाशांची संघटना होती, पण तिची नोंदणी झालेली नव्हती. नोंदणी नसलेल्या संघटनेच्या नावावर मीटर मिळेना आणि स्वतःच्या नावावर घ्यायला कुणी तयार होईना. त्यांचंही बरोबरच होतं. माणूस घर बदलून गेला, तर चौदा कॅमेऱ्यांचं बिल कुणाच्या गळ्यात पडणार? नोंदणी, बँकेतलं खातं, सह्यांचे अधिकार हे सगळं उरकायला अडीच महिने लागले. हे काम पहिल्याच आठवड्यात सुरू करता आलं असतं. त्यासाठी कुणाचीही परवानगी लागत नव्हती.

याच काळात एका काकांनी मला थांबवून विचारलं, 'एवढी धडपड करताय, पण कॅमेऱ्यांनी चोऱ्या खरंच कमी होतात का?' प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून मी शोधून वाचलं. चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. कॅमेरे असलेल्या भागांत, नसलेल्या तशाच भागांच्या तुलनेत, गुन्हे सरासरी 13 टक्क्यांनी कमी झाल्याचं त्यात दिसतं. सर्वाधिक फरक वाहनतळांवर पडलेला आहे. शिवाय कुणीतरी प्रत्यक्ष पाहत असेल आणि जोडीला इतर उपायही असतील, तिथे परिणाम अधिक आहे. मी काकांना आकडा सांगितला. ते म्हणाले, 'म्हणजे जादू नाही, पण शून्यही नाही.' मला ते पटलं. त्याच आठवड्यात दोन कॅमेरे आम्ही बागेच्या कडेवरून काढून गाड्या लावण्याच्या जागेकडे वळवले आणि तिथला बंद पडलेला दिवाही दुरुस्त करून घेतला.

आता तांत्रिक बाजू. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथे आम्ही वेळही घालवला आणि फसता फसता वाचलोही.

ठेकेदाराच्या नकाशात चौकाला एकच कॅमेरा होता. चौक काठापासून काठापर्यंत 35 मीटर भरला. 'चार मेगापिक्सेलचा आहे, सगळं दिसेल,' असं त्याचं म्हणणं. कॅमेऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात याचा साधा हिशेब दिलेला आहे. अनोळखी माणसाची खात्रीने ओळख पटवायची तर चित्रात दर मीटरला 250 पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके, हवेत. ओळखीचा माणूस ओळखायला 125 पुरतात. 62 च्या आसपास असतील तर कपडे, चालण्याची ढब, हालचाल एवढंच कळतं. चार मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी साधारण 2560 पिक्सेल असते. म्हणजे ओळख पटण्याजोगं चित्र जेमतेम 10 मीटर रुंदीत मिळतं. 35 मीटरला ते दर मीटरला 73 वर येतं. चौकात कुणीतरी होतं एवढं कळलं असतं, कोण होतं ते कधीच कळलं नसतं. शेवटी चौकाला एक रुंद नजरेचा आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर एक अरुंद नजरेचा असे दोन कॅमेरे दिले, आणि पाण्याच्या टाकीकडचा एक रद्द केला.

दुसरा हिशेब साठवणुकीचा. फुटेज तीस दिवस राहिलं पाहिजे असं बैठकीत ठरलं होतं. कोटेशनमध्ये चार टीबीची, म्हणजे साधारण चार हजार जीबीची, हार्ड डिस्क होती. आमच्या कॅमेऱ्यांचा प्रवाह सेकंदाला चार मेगाबिट, म्हणजे अर्धा मेगाबाइट, ठरवलेला होता. म्हणजे एका कॅमेऱ्याचे दिवसाला 43 जीबी आणि चौदांचे सुमारे 605. चार टीबी सातव्या दिवशी भरून जुनं पुसायला लागली असती. तीस दिवसांसाठी अठरा टीबी लागत होते. बाहेरगावी गेलेलं कुटुंब दहा दिवसांनी परत येतं, कुलूप तुटलेलं पाहतं आणि फुटेज मागतं. त्याला 'पुसलं गेलं' असं सांगायची वेळ आमच्यावर आली असती. हा गुणाकार कुणीही कागदावर करू शकतं. कोटेशन हातात आलं की सगळ्यांत आधी तोच करावा.

तिसरी अडचण केबलची. वीज आणि चित्र दोन्ही एकाच केबलीतून नेण्याची सोय असते, पण ती केबल 100 मीटरपलीकडे नेऊ नये असा नियम आहे. आमच्या एका खांबाचं अंतर 160 भरलं. 'चालतं हो, आम्ही नेहमी नेतो,' असं म्हणून ठेकेदाराच्या माणसांनी ती ओढली. दिवसा कॅमेरा ठीक चालला. अंधार पडला की दर काही मिनिटांनी बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. तीन वेळा कॅमेरा बदलला, तरी तेच. कारण असं होतं की रात्री त्याचे इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे, दिवे लागतात, विजेची गरज वाढते आणि लांब केबलीच्या टोकाला तेवढा दाब पोहोचत नाही. शेवटी त्या टप्प्यासाठी फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल, टाकली आणि खांबापाशी वेगळी वीज दिली. यात सहा आठवडे गेले. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की काम ताब्यात घेताना रात्री घ्या. अंधारात माणसाला चालवून पाहा, गाडी नेऊन पाहा. आमच्या दोन कॅमेऱ्यांत दिवसा चेहरे स्वच्छ दिसायचे आणि रात्री समोरची फांदी इन्फ्रारेडने इतकी उजळायची की मागचं सगळं काळं. एकावर कोळ्याचं जाळं होतं, तर पडदाभर नुसते पांढरे धागे.

अकरा नंबरच्या कॅमेऱ्याने मात्र मला वेगळंच काही शिकवलं. समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या एका ताईंनी लेखी हरकत घेतली: कॅमेरा थेट आमच्या खिडकीत पाहतो. तोवर दीड वर्ष उलटलं होतं आणि माझा संताप झाला. सगळ्यांच्या सुरक्षेसाठी चाललंय आणि या आडव्या येतात, असं वाटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, 'तुम्ही एकदा वर या.' मी गेले. मुलीच्या अभ्यासाच्या टेबलापाशी उभी राहिले. खांबावरची कॅमेऱ्याची चौकट समोर, अगदी डोळ्यांच्या रेषेत होती. वाढत्या वयाच्या मुलीने चोवीस तास त्या नजरेखाली का बसावं, याचं माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कॅमेऱ्यांत ठरावीक भाग काळा करून ठेवायची सोय असते. तो भाग नोंदवलाच जात नाही. अकरा नंबरला ते केलं आणि मग बाकीच्या तेरांचीही चित्रं एकेक करून तपासली. आणखी तीन खिडक्या सापडल्या. त्या घरांतून कुणी तक्रार केली नव्हती, कारण त्यांना कळलंच नव्हतं. युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये एका प्रकरणात सांगितलं होतं, की घराच्या रक्षणासाठी लावलेला कॅमेराही सार्वजनिक रस्ता टिपत असेल तर ती निव्वळ घरगुती बाब राहत नाही, तिला माहिती-संरक्षणाचे नियम लागू होतात. एका घराच्या एका कॅमेऱ्याला हे लागू होत असेल, तर चौदा कॅमेरे लावणाऱ्या वसाहतीची जबाबदारी केवढी! दीड महिना बसून आम्ही नियम लिहिले. फुटेज कोण पाहू शकेल, मागणी लेखी हवी, पाहताना दोन माणसं हजर हवीत, कुणाच्याही मोबाईलवर थेट चित्र द्यायचं नाही, तीस दिवसांनी पुसायचं, आणि पोलिसांना प्रत दिली तर कुणी, कधी, कोणत्या यंत्रावरून काढली ते वहीत लिहायचं. हा दीड महिना वाया गेला असं मी कधीही म्हणणार नाही.

परवानग्या आणि विजेचा घोळ चालू होता तेव्हा खोकी माझ्या घरात कपाटावर होती. कॅमेरे घाईने आधीच घेतले होते आणि त्यांची हमी बिलाच्या तारखेपासून मोजली जात होती. दोन वर्षांतलं पहिलं वर्ष खोक्यातच संपलं. त्यांच्या आतली प्रणालीही जुनी झाली. कारखान्यातून येतो तो पासवर्ड तसाच ठेवलेले लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर (फुटेज साठवणारी यंत्रं) 2016 मध्ये मिराई नावाच्या घुसखोर प्रणालीने ताब्यात घेतले होते. त्यामुळे प्रत्येक कॅमेऱ्याची प्रणाली अद्ययावत करणं आणि पासवर्ड बदलणं टाळता येण्यासारखं नव्हतं. परवानग्या आणि वीज हातात येईपर्यंत कॅमेरे विकतच घेऊ नयेत, हे मला आता पक्कं ठाऊक आहे.

पण यातलं बरंच काही व्हायच्या आधी, सोळाव्या महिन्यात, ते घडलं.

कोपऱ्यावरच्या घरातल्या आजी संध्याकाळी औषध घेऊन परतत होत्या. एका मोटारसायकलने त्यांना उडवलं. चालवणारा थांबला नाही. आजींचं खुब्याचं हाड मोडलं. आवाज ऐकून लोक धावले, पण गाडीचा नंबर कुणी पाहिला नव्हता. तासाभरात पोलीस आले आणि त्यातल्या एका हवालदारांनी भिंतीकडे पाहून विचारलं, 'कॅमेरा बसवलाय ना इथे?' भिंतीवर खोबण होती, केबल बाहेर आलेली होती, तिच्या टोकाला काळी पट्टी गुंडाळलेली होती. कॅमेरा माझ्या कपाटावर होता.

तो तीन नंबरचा कॅमेरा. आमच्या स्वतःच्या पाच जागांपैकी एक. त्याला पालिकेची परवानगी लागत नव्हती, वीज कंपनीची लागत नव्हती. भिंत आमची होती आणि त्या भिंतीच्या पलीकडच्या घरात वीज होती. चौथ्या महिन्यातच तो सुरू करता आला असता. पण बैठकीत ठरलं होतं, की चौदाच्या चौदा एकदम सुरू करायचे, उद्घाटन करायचं, म्हणजे 'त्यांच्याकडे आधी आणि आमच्याकडे नंतर' अशी कुणाची तक्रार राहणार नाही. मलाही ते न्याय्य वाटलं होतं आणि मी हात वर केला होता. नऊ जागांसाठी पाच जागा वर्षभर थांबल्या. या सव्वादोन वर्षांतला हा एकच उशीर असा आहे जो कुठल्याही कार्यालयाने केलेला नव्हता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी बैठकीची वाट पाहिली नाही, पाचही घरमालकांना फोन केले आणि सगळ्यांनी हो म्हटलं. रेकॉर्डर एका घराच्या जिन्याखालच्या कुलूपबंद कपाटात बसवला, वीज त्या त्या घरातून घेतली, बिलातला वाटा संघटनेने द्यायचा असं कागदावर लिहून घेतलं. नऊ दिवसांत पाच कॅमेरे सुरू झाले. चार टीबीची डिस्क पाच कॅमेऱ्यांना अठरा दिवस पुरत होती. मोठी येईपर्यंत तेवढं पुरेसं होतं.

उरलेले नऊ पुढच्या अकरा महिन्यांत तीन तुकड्यांत आले. परवानगी आली, की त्याच आठवड्यात तेवढे सुरू. गंमत म्हणजे पाच चालू कॅमेरे दाखवता आल्यावर कार्यालयांतलं बोलणंही बदललं. नुसता नकाशा घेऊन गेलेल्या माणसाला 'पाहू' म्हणतात. मी रात्रीची छापील चित्रं आणि लिहिलेले नियम पुढे ठेवले, तेव्हा रस्ते विभागातल्या बाईंनी खुर्ची ओढून मला बसायला सांगितलं आणि नियमांची एक प्रत स्वतःसाठी मागून घेतली.

आता दर रविवारी सकाळी दोघं जण मिळून तपासणी करतात. चौदाही चित्रं दिसतात का, घड्याळ बरोबर आहे का, तीस दिवसांपूर्वीचं खरंच निघतं का, काचा स्वच्छ आहेत का. पहिल्याच महिन्यात रेकॉर्डरचं घड्याळ अकरा मिनिटं मागे सापडलं होतं. अशा फुटेजवरून कुणाची येण्याजाण्याची वेळ सांगितली असती, तर एखाद्या निर्दोष माणसावर संशय गेला असता.

मोटारसायकलवाला शेवटपर्यंत सापडला नाही. आजी आता काठी घेऊन चालतात. सगळं सुरू झाल्यावर त्या एका रविवारी तपासणीच्या वेळी आल्या. मी तीन नंबरचं चित्र मोठं करून दाखवलं. बराच वेळ त्या पडद्याकडे पाहत राहिल्या, मग एका जागी बोट ठेवून म्हणाल्या, 'इथे पडले होते मी.' मला काही बोलता आलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, 'तू इथून गेलीस तर हे कोण बघणार गं?' मी वही उघडून त्यांना त्या दिवसाचं पान दाखवलं. त्यावर दोन सह्या होत्या, आणि दुसरी सही त्यांच्या नातवाची होती.